अप्पांचा गिअरबॉक्स

अजूनही दुपारी डोळा लागता लागता मला ती गाडी दिसते. लिंबाखाली उभी, पिकल्या जांभळाच्या रंगाची, लांबच लांब, आणि तिच्या पोटाखालून बाहेर आलेले दोन पाय. पायांत टायरच्या चपला. चपला हलत नाहीत तोवर समजायचं की अप्पा विचार करतायत, आणि हलायला लागल्या की समजायचं, काहीतरी सापडलं. आमच्या ह्यांचं म्हणणं होतं की चपला हलत नाहीत तेव्हा म्हातारा सरळ झोपलेला असतो. असेलही. गाडीखाली गार असायचं.

अप्पा म्हणजे आमचे घरमालक. लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून सुटून वेगळा जिल्हा झालं होतं आणि ह्यांची बदली नव्या कलेक्टर कचेरीत झाली होती. मी लोह्याची, नांदेडकडची. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच ट्रंका उचलून इथं आले आणि एका शाळेत लागले. घर मिळालं ते बंद पडलेल्या डाळमिलच्या वरच्या मजल्यावर. दुष्काळात तूरच येईना, मग मिल चालवायची कशावर? भावांनी गोलाईतलं, भर बाजारातलं दुकान घेतलं. अप्पांच्या वाट्याला मिल, तिचं आवार, लिंबाचं झाड आणि ही गाडी आली. वाटणीत गाडी कुणालाच नको होती. अप्पांना दुसरं काही नको होतं.

सगळ्या घराला तुरीच्या भुशाचा वास होता. जिन्याला, खिडक्यांना, माझ्या लग्नातल्या साड्यांनासुद्धा. त्या वासात आणि त्या पांढऱ्या उन्हात आख्खं गाव अर्ध्या झोपेत चालल्यासारखं वाटायचं. टँकर आला की तेवढी जाग यायची, घागरी वाजायच्या, दोन-चार भांडणं व्हायची, आणि पुन्हा सगळं निवांत.

आम्ही सामान चढवत होतो तेव्हा गाडीखालून आवाज आला, "कोण हाय?"

"नवे भाडेकरू," मी म्हटलं.

"शरणार्थ," लिंगायतांचा नमस्कार आला. "बाई, जरा पाय बघून टाका. तिथं गिअर वाळत घातलेत."

बघते तर खरंच. अंगणात गोधडी अंथरलेली, तिच्यावर चाकं, चकत्या, स्प्रिंगा, कड्या ओळीनं मांडलेल्या, आणि धूळ बसू नये म्हणून वर जुनं पातळ पांघरलेलं. घासलेटनं धुऊन उन्हात ठेवलेला सगळा पसारा. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "हे पापड तळणार कधी?"

गाडीखाली चपला हलायच्या थांबल्या. ओसरीवर ज्वारी निवडत बसलेल्या बाई मात्र सूप खाली ठेवून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या अव्वा. अप्पांच्या मंडळी. निलंग्याच्या बाजूला वाढलेल्या, त्यामुळं बोलण्यात मधेच कानडी यायचं. हसू आवरून त्या म्हणाल्या, "पोरी, मी कवापास्नं तळायची वाट बघलाले."

त्या दिवसापासून माझं त्या घराशी जुळलं.

गाडी कुण्या जहागीरदाराची. जहागीर गेली, ऐट गेली, आणि ती फिरत फिरत अप्पांच्या वडिलांकडे येऊन थांबली. अमेरिकेतली. तिला क्लच नव्हता. पायाशी दोनच पेडल, एक पळायचं आणि एक थांबायचं. गिअर तिचा तिनं बदलायचा. आज याचं कुणाला काही वाटणार नाही, पण तेव्हा लातूरचे ड्रायव्हर मुद्दाम येऊन खाली वाकून बघायचे आणि तिसरं पेडल कुठं लपवलंय म्हणून विचारायचे. अप्पा गंभीरपणे सांगायचे, "ही गाडी इचारत न्हाई. मनातलं वळखती."

"मग अप्पा, तिला तुमच्या मनातलं कळतं का?" मी विचारलं.

"तिला कळतंय. तिच्यात जोर न्हाई, एवढंच."

जोराची ही गोष्ट मला अव्वांनी एकदा शेंगा फोडता फोडता सांगितली. त्यांची थोरली बहीण, अक्का, लातूर-लोहा रस्त्यावरचा घाट चढून गेलं की वर एक गाव आहे, तिथं दिलेली. त्यांची आई म्हातारपणी अक्काकडेच राहायची. आम्ही लातुरात यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आई गेल्याचा निरोप आला तसे अप्पा अव्वांना घेऊन याच गाडीतून निघाले. लोक म्हणाले, बसनं जा. अप्पा म्हणाले, बस कवा येणार, गाडी लवकर नेईल. घाटात वडाच्या वळणावर गाडीनं मान टाकली. इंजिन धापा टाकतंय आणि गाडी तसूभर पुढं सरकत नाही. दोघं पायी चढून वर पोचले तोवर आईला समाधी दिली होती. वर माती ओढून झाली होती. अव्वांना आईचं तोंड दिसलं नाही.

अक्का दारातच उभ्या होत्या. सगळ्या गावासमोर अप्पांना म्हणाल्या, "ह्याच गाडीनं घाट चढून याल तवाच माझ्या दारात पाय ठेवा. तोवर येऊ नका."

दुःखात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. चार महिन्यांत अक्कांनी स्वतः निरोप पाठवला, झालं गेलं विसरा, या. आलेल्या माणसाला अप्पांनी जेवू घातलं आणि सांगितलं, "अक्का बोलल्या ते बरोबर बोलल्या. गाडी चढली की येतो."

आणि तेव्हापासून हा माणूस गाडीखाली.

मी अव्वांना म्हटलं, "तुमच्या जागी मी असते तर तोच पाना घेऊन डोक्यात घातला असता."

अव्वा शेंग फोडत म्हणाल्या, "घालायचा व्हता. पण पान्याबिगर ते काय करतील, ह्या इचारानं ठेवून दिला."

माझी आणि अप्पांची रोज संध्याकाळची एक बैठक असायची. मी शाळेतून यायची, अव्वा चहा द्यायच्या, अप्पा गाडीखालून बाहेर यायचे, हातपाय पुसायचे आणि मला शिकवायला लागायचे. मी भूगोल शिकवायची, त्यामुळं मला सगळं कळेल असा त्यांचा समज होता. आधी त्यांना वाटलं होतं की दोष इंजिनाचा. म्हणून हैदराबादेतल्या भंगारबाजारातून तसल्याच दुसऱ्या गाडीचं आठ सिलिंडरचं थोरलं इंजिन आणलं. बसवलं. चालू केलं तेव्हा म्हणे मिलच्या पत्र्यावरची कबुतरं औशाकडे उडून गेली. पण गाडी? गाडी पहिल्याहून वाईट. इंजिन गरजतंय आणि चाकं विचारात पडलेली.

"असं का?" मी विचारलं.

अप्पांनी माझ्या दोन्ही हातांचे तळवे एकमेकांवर ठेवायला लावले. "दाबा. आता एक हात फिरवा. दुसरा संगट फिरतो का न्हाई? ह्या चकत्या अशाच. एकीला इंजिन फिरवतं, ती दुसरीला फिरवती. मधी तेल, आन् मागून तेलाचाच दाब. आता जोरात फिरवा. बघा, सुटला हात! जोर आणणं लई सोपं हाय ओ बाई. जोर धरणारा पायजे."

हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं, आणि ते कुठंही लावायचे. घरात नवी सून आली आणि सासूशी पटेना, जोर धरणारा पायजे. पोरगा कॉलेजात गेला आणि बिघडला, जोर धरणारा पायजे. एकदा आमचे हे कचेरीतून वैतागून आले. नवा जिल्हा, नवी पाटी, साहेब नवे, पण अर्धी कपाटं अजून उस्मानाबादेत, खुर्च्या कमी, आणि टंचाईचे टँकर कुणी सोडायचे यावरून दोन खात्यांची जुंपलेली. अप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, इंजिन नवं बसवलाव, गिअरबॉक्स जुनाच ठेवलाव. सरकेल कसा जिल्हा?" ह्यांना राग आला. जेवताना मात्र आपले आपणच हसले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत ते वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं.

तर अप्पांचं काम हे असं होतं, त्या जुन्या गिअरबॉक्सला थोरल्या इंजिनाचा जोर धरायला शिकवायचं. पोलादाच्या चकत्या घासून पातळ केल्या आणि त्याच डब्यात एक जास्तीची चकती बसवली. पकड वाढावी म्हणून तेलाचा दाब वाढवला, त्यासाठी दाबाची स्प्रिंग बदलून कडक घातली. मग गिअर पडताना गाडी अशी हिसका मारायची की अव्वांचं डोकं टपाला लागायचं. मग स्प्रिंग थोडी मऊ. मग परत चकत्या घसरायच्या. मग थोडी कडक. दिवसच्या दिवस जायचे. वर आभाळ कोरडं, खाली अप्पा स्प्रिंगचा वेढा बोटानं चाचपत बसलेले, चेहऱ्यावर असं सुख की बघणाऱ्याला झोप यावी. मला तर यायची. कितीदा वह्या तपासता तपासता त्यांच्या पान्याच्या टिकटिकीनं माझा डोळा लागलाय.

मग देवमाशाचं प्रकरण झालं.

अप्पांचा दिवस इष्टलिंगाच्या पूजेनं सुरू व्हायचा. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी घालायचं, विभूती, फूल. दुष्काळात सगळ्या घराचं पाणी मोजूनमापून, पण लिंगाची वाटी आधी भरायची. मांसाहाराचा तर वाराही नाही. अंड्याचा वास आला म्हणून एक भाडेकरू घालवला होता, असं ह्यांना कुणी सांगितल्यापासून हे आमलेट खायला स्टँडवर जायचे. अशा माणसाला हैदराबादचा एक जुना मिस्त्री बोलता बोलता सांगून गेला की, अप्पाजी, या गिअरबॉक्सचं जे असली तेल असतं ना जुनं, त्यात देवमाशाची चरबी घालतात, म्हणून तर ते इतकं मऊ चालतं.

अप्पा घरी आले ते तडक हौदावर. होतं नव्हतं तेवढ्या पाण्यानं आंघोळ. अव्वा ओरडल्या, "अवो, उद्याचं पाणी हाय ते!" अप्पा ऐकेनात. ज्या हातावर लिंग घेतो त्याच हातानं इतकी वर्षं ती चरबी चोळली, म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी. दोन दिवस जेवले नाहीत. मग सगळं तेल काढून मिलच्या मागं खड्ड्यात पुरलं, वर दगड ठेवला आणि गिअरबॉक्समध्ये भरलं एरंडेल आणि करडईचं तेल. घाण्याचं. शुद्ध.

खरं सांगते, आठवडाभर गाडी झोकात चालली. सगळ्या गल्लीत भजी तळल्याचा वास. पोरं मागं पळायची. अप्पा खिडकीतून हात बाहेर काढून जिंकल्यासारखे. मग एक दिवस गाडी औसा रस्त्याला नेली, उन्हाचा तडाखा, आणि परत येताना ती जी थांबली ती बैलजोडीनं ओढूनच आणावी लागली. उघडून बघतात तर एरंडेल तापून त्याचा डिंक झालेला, चकत्या एकीला एक चिकटून वडी झालेली. कितीतरी महिन्यांचं काम गेलं. आम्ही सगळे भोवती उभे. अव्वांनी वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "पोट मातूर साफ झालं आसंल तिचं."

अप्पा आधी चिडले, मग हसायला लागले, ते हसता हसता खालीच बसले.

नव्या तेलात देवमासा नसतो हे त्यांना नंतर कळलं. हैदराबादच्या दुकानदारानं कुराणाची शपथ घेऊन सांगितलं. आमच्या ह्यांनी विचारलं, "अप्पा, त्याची शपथ तुम्हाला चालते?" अप्पा म्हणाले, "शपथ त्याच्या देवाची हाय. तो आपल्या देवाला फसवील, मला कशापायी फसवील?" मला याचा अर्थ अजून नीट लागलेला नाही, पण ऐकताना बरं वाटलं होतं.

आता हे हैदराबाद. अप्पा हैदराबादला जायचे ते नेमके नागपंचमीच्या तोंडावर. आमच्याकडे पंचमीला बाया माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, आणि हा माणूस बायकोला घरी ठेवून गिअरबॉक्सच्या सामानाला निघायचा. मी बोलायची, "अप्पा, बाकीच्या वर्षात हैदराबाद बंद असतं का?" ते पिशवीला गाठ मारत म्हणायचे, "तवाच माल येतो तिथं." आठवडाभरानं परत यायचे. पुष्कळदा रिकाम्या हातानं. "न्हाई घावलं," एवढंच. ह्यांना त्याची भारी मजा वाटायची.

आणि अप्पांची बस सुटली की अव्वा माझ्या दारात. हातात गाठोडं, डोक्यावर पदर, डोळे पोरीसारखे. "लोह्याला चाललीस न्हवं? मला वाटंत घाटावर सोड."

कारण अव्वा दर पंचमीला चोरून अक्काकडे जायच्या. आम्ही यायच्या आधीपासून. आधी एकट्या जायच्या, मग मी सोबत. लाल डब्यातून तो घाट चढताना वडाचं वळण आलं की त्या खिडकीबाहेर बघायच्या नाहीत, माझा हात धरायच्या. फाट्यावर अक्का येऊन उभ्या असायच्या, उंच, काटक, कमरेवर हात. "आलीस गं तंगी?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. मग दोघी रस्त्यातच रडायच्या, हसायच्या, कंडक्टर घंटी मारायचा, आणि मी पुढं माझ्या माहेरी जायची. येताना परत त्यांना घेऊन यायची.

गल्लीला हे सगळं ठाऊक होतं. अप्पांना कुणी सांगितलं नाही.

एकदा मी विचारलं, "अव्वा, सांगून का टाकत नाही? बहिणी-बहिणी भेटता, अक्कांचा राग केव्हाच गेलाय. ते बिचारे उगाच मरतायत गाडीखाली."

अव्वांनी पदराची गाठ सोडली आणि पुन्हा मारली. मग म्हणाल्या, "आईचं तोंड दिसलं न्हाई त्याचं मला जेवढं वाईट वाटलं न्हाई तेवढं त्यांला वाटलंय. त्यांच्यामुळं झालं असं धरून बसलेत. मी बसनं जाऊन आले म्हणून सांगितलं तर मग ते काय दुरुस्त करतील?"

पण काळजी वेगळीच लागली. अक्कांना धाप लागायला लागली होती. फाट्यापर्यंत यायच्या त्या आता दोनदा दगडावर बसून यायच्या. शेवटच्या पंचमीला अव्वा परतीच्या बसमध्ये मला म्हणाल्या, "अक्का हाय तवर चढू दे गं ती गाडी. ती गेल्यावर चढली तर हे कुणाच्या दारात नेऊन हुबी करतील?" आणि मग पहिल्यांदाच मला ती गाडी चढावी असं मनापासून वाटलं. रोज शाळेला जाताना मी तिच्या बोनेटला हात लावायला लागले. ह्यांना सांगितलं नाही, हसले असते.

आता गाडीचं एकच काम उरलं होतं. गिअरबॉक्स जोर धरत होता, पण तापत होता. पूर्वी त्याचं तेल रेडिएटरच्या पाण्यातूनच थंड होऊन यायचं, पण थोरल्या इंजिनानं ते पाणीच उकळायचं. तेलाला वेगळी जाळी पाहिजे होती, समोर वाऱ्यात बसणारी, तांब्याची. अप्पा नळ्या वळवून तयार होते, पण पत्रा मिळेना. अव्वा आत गेल्या आणि आंघोळीचं तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या. भलंमोठं, जड, आईनं लग्नात दिलेलं.

"हे घ्या. पाणीच न्हाई तर घंगाळ काय पुजायचंय?"

अप्पांनी काठाच्या नक्षीवरून बोट फिरवलं. "तुझ्या आईचं हाय ते."

"म्हणूनच दिलालेय," अव्वा म्हणाल्या आणि आत गेल्या. तांबटानं ते कापलं तेव्हा मात्र त्या बाहेर आल्या नाहीत.

त्या साली पंचमीच्या आधीच डॉक्टरांनी अप्पांची साखर बंद केली होती. बिनसाखरेचा चहा ते असा प्यायचे की जणू कुणी शिक्षा फर्मावलीय. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि मग उरलेला लिंबाच्या बुंध्याला. अव्वा ओरडायच्या.

गाडी निघाली येळवसेच्या दिवशी. वेळ अमावास्येला आमच्या लातूरकडं घरात कुणी थांबत नाही, सगळे शेतात जाऊन जेवतात. त्या साली शेतात होतं काय? करपलेली ज्वारी, गुडघ्याएवढी. पण आंबिल केली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी केली, लोक गेलेच. अप्पांचा हिशोब वेगळा होता. थंडीचे दिवस, हवा गार, तेल तापणार नाही. अक्कांना निरोप गेला की पाहुणे गाडीनं येतायत. अव्वांनी तेवढ्यात स्वतःचा निरोप वेगळा धाडला, आम्ही पोचलो की अक्कांनी किती वर्षांनी भेटल्यासारखं करायचं.

पुढं अप्पा आणि अव्वा, मागं मी आणि हे, पायाशी पाण्याचे डबे, मांडीवर आंबिलीचं मडकं. काय ती गाडी! हादरा नाही, हिसका नाही. काळी रानं, पिवळी रानं खिडकीतून सरकत होती, पाण्यावर होडी जावी तसं. माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन शेताला चालली होती, थांबून बघत होती. गिअर कधी पडायचा ते कळायचंच नाही, फक्त आवाज थोडा बदलायचा. अप्पांचा उजवा हात चाकावर, आणि डावा तळहात उताणा मांडीवर, सकाळी पूजेला बसतात तसा.

घाट लागला. गाडी चढायला लागली आणि आम्ही सगळे नाक पुढं करून वास घेत होतो, कुठं जळतंय का. काही नाही. वडाचं वळण दिसलं. आणि वळणावर, नशीब बघा, पाण्याचा टँकर बंद पडलेला. चढाच्या मधोमध. रस्ताच अडलेला.

अप्पांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, अगदी त्याच जागी. मी अव्वांकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत नव्हत्या. टँकरवाल्यांनी दगड लावले, ढकललं, शिव्या दिल्या, कसाबसा टँकर कडेला घेतला. चालत्या गाडीनं चढणं वेगळं आणि थांबल्या जागेवरून उभ्या चढाला उठणं वेगळं, हे मला त्या संध्याकाळच्या बैठकांनी शिकवलं होतं. सगळा जोर त्या चकत्यांवर येणार होता.

अप्पांनी हळूच पाय दाबला. इंजिन गरजलं. गाडी जागची हलेना.

"अप्पा," हे म्हणाले, "आम्ही उतरून ढकलतो."

"कुणी उतरायचं न्हाई."

अजून थोडा पाय. इंजिनाचा आवाज वर चढला, आणि मागून हे, माझा हा कायम टवाळ्या करणारा नवरा, पुढच्या सीटला धरून पुटपुटायला लागला, "चल बाई, चल गं, चल." मी माझे दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट दाबून बसले होते. आणि गाडी उठली. हिसका न देता, बसलेली म्हैस सावकाश उठावी तशी उठली आणि वड मागं पडला. टँकरवाले ओरडले. अव्वांनी तोंडात पदर धरला. मी रडत होते आणि मांडीवरची आंबिल माझ्या साडीवर सांडत होती.

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं पाठ होतं, आधी रुसायचं, मग आश्चर्य करायचं, मग गळ्यात पडायचं. गाडी दारात आली, अप्पा उतरले, हात जोडले आणि म्हणाले, "अक्का, चढली." त्यावर अक्कांना काही आठवेना. त्या गाडीच्या पुढं गेल्या. जाळीच्या आत तांबं चमकत होतं. काठाची नक्षी अप्पांनी तशीच ठेवली होती. अक्कांनी ती ओळखली, तिथं हात ठेवला आणि तिथंच मोठ्यानं रडायला लागल्या. "आई आली गं," म्हणाल्या, "तंगे, आई आली." नाटक वगैरे कुठल्या कुठं गेलं. अप्पा बाजूला उभे राहून उपरण्यानं परत परत तोंड पुसत होते.

शेतात जेवणं झाली. नंतर अक्कांनी स्वतः चहा केला. आम्हाला दिला, दाट, गोड, चमचा उभा राहील असा. अप्पांना दिला. त्यांनी घोट घेतला.

आणि मला कळलं. अव्वांनाही त्याच क्षणी कळलं, त्यांचा कप बशीवर वाजला. अप्पांच्या चहात साखर नव्हती. त्यांची साखर बंद झाल्याचं त्या घरात कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण? नाटकाप्रमाणं तर सगळे आज इतक्या वर्षांनी भेटत होते. अक्कांच्या ते गावीही नव्हतं, त्या हौसेनं विचारत होत्या, "बरा झालाय का?"

अप्पांनी कपात पाहिलं. मग आख्खा चहा संपवला, डोळे न मिटता. "झकास झालाय," म्हणाले.

परतताना ऊन कलायला आलं होतं. गाडी घाट उतरत होती, सगळे पेंगुळलेले. अव्वा ताठ बसल्या होत्या, काहीतरी येणार म्हणून वाट बघत. वडाचं वळण गेलं तेव्हा अप्पा बोलले, समोर बघत, उद्याच्या भाजीचं बोलावं तसं.

"आता हैदराबादंत माझं काई काम उरलं न्हाई. तुझ्या पंचमीचं कसं करायचं?"

माझ्या डोळ्यांपुढं सगळ्या पंचम्या उभ्या राहिल्या. गाठ मारलेली ती पिशवी, रिकाम्या हातानं परत येणं, न्हाई घावलं. दर वर्षी हा माणूस आठवडाभर परगावी जाऊन बसत होता, बायकोला माहेर मिळावं म्हणून. आणि तिनं चोरून जावं एवढी तिची अब्रू राखत होता.

अव्वांचे गाल भिजत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. मग पुढं वाकून त्यांनी समोरच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाल्या,

"करायचं काय? तुमी सोडायला यायचं. अक्काच्या हातचा बिनसाखरंचा चहा प्यायचा, आन् गप घरला जायचं."